नेरकर सरांचा व्हिलन

मानपत्रात खोटं लिहावं लागतं, हे मला मान्य आहे. आर्णीच्या आमच्या शाळेत मी वीसेक वर्षं मराठी शिकवतो आहे. तालुक्यात कोणी रिटायर झालं, कोणाला पंच्याहत्तरी लागली, की मानपत्र माझ्याच गळ्यात पडतं. 'ज्ञानयोगी', 'सेवाव्रती', 'विद्यार्थ्यांचे दैवत' हे शब्द मी लोणच्यासारखे बरणीत भरून ठेवले आहेत. काढायचे आणि वाढायचे. पण नेरकर सरांचं मानपत्र लिहायला बसलो आणि चार दिवस पेन हललंच नाही. पाचव्या दिवशी कसंबसं लिहिलं. जे त्यात बसलं नाही, ते इथं लिहून राह्यलो.

आधीच सांगून टाकतो, मला हा माणूस आवडत नाही. आठवीत होतो तेव्हा आवडत नव्हता आणि आज पन्नाशीला आलो तरी आवडत नाही. ऐंशीच्या म्हाताऱ्याबद्दल असं बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

सर मूळचे नेरचे. घरात तीन पिढ्या कचेरीत. आजा कारकून, बाप अव्वल कारकून, हे मास्तर. "आमच्या घरात चिखलात पाय कोणाचाच गेला नाही," हे ते वर्गात सांगायचे, एखाद्यानं घरातलं पदक दाखवावं तसं. यवतमाळचा एप्रिल महिना, पारा चढलेला, पोरं घामानं चिकट, आणि हे गळ्याच्या गुंडीपर्यंत पांढरा शर्ट लावलेले. खिशात दोन पेनं, निळं आणि लाल. शिपायानं पुसलेली खुर्ची हे पुन्हा आपल्या रुमालानं पुसायचे. शिपाई समोर उभा असताना पुसायचे, हे महत्त्वाचं.

तास सुरू व्हायचा तो एका प्रश्नानं. "जीभ धुऊन आलात?" आम्ही साठ पोरं एका सुरात, "यस सर." कारण आमची जीभ म्हणजे वऱ्हाडी. मले, तुले, काहून, कायले. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी यावं ही अपेक्षा नव्हती, तेवढी अक्कल सरांना होती. पण इंग्रजी येत नसेल तर निदान पुस्तकी मराठी बोला, घरची भाषा चपलेसोबत दाराबाहेर ठेवा, असा हुकूम होता. आणि हा हुकूम मोडणाऱ्यासाठी बिल्ला होता.

बिल्ला म्हणजे वहीएवढा पुठ्ठा. वरती दोन भोकं, त्यात ओवलेली सुतळी. पुठ्ठ्यावर लाल शाईनं मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहिलेला: व्हिलन. ज्याच्या तोंडून 'मले' निघालं त्यानं पुढं यायचं, हात मागं बांधायचे, मान खाली वाकवायची. सर बिल्ला अडकवायचे. ती मान वाकवणं फार वाईट होतं, पुठ्ठा परवडला. मग तो बिल्ला गळ्यात घेऊन बसायचं आणि कान टवकारून ऐकत राहायचं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तसा शब्द निघाला की उभं राहून नाव सांगायचं, की बिल्ला त्याच्याकडे. शाळा सुटेपर्यंत ज्याच्या गळ्यात राहिला त्यानं तो घरी न्यायचा, मागच्या कोऱ्या बाजूला बापाची सही आणायची.

एकदा माझ्या गळ्यात पडला. मी दहा मिनिटांत सुटलो. माझ्या बाकावरच्या भास्करनं हळूच विचारलं, "दुखून राह्यलं का बे?" आणि मी उभा राहिलो, "सर, भास्कर." माझ्यावर माया करून विचारत होता तो. भास्करचा आता आर्णीत हार्डवेअरचा धंदा आहे, मला अजून डिस्काऊंट देतो. मला तो घेताना लाज वाटते, पण घेतो.

आता तो शब्द. सरांचा जीव कशात होता म्हणाल तर त्या एका शब्दात. "शब्दाला कूळ असतं," असं म्हणायचे आणि दर वर्षी शाळेच्या पहिल्या तासाला हेच कूळ सांगायचे. हात पाठीमागे, नजर छताकडे. जुन्या रोमन लोकांच्या भाषेत 'व्हिला' म्हणजे मोठ्या जमीनदाराची शेतवाडी. तिथं राबणारा गडी तो व्हिलानुस. हा शब्द फ्रान्सात गेला, तिथून सरदारांबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडात आला आणि त्याचा व्हिलेन झाला. तेव्हाही अर्थ साधाच होता, सरदाराच्या जमिनीला बांधलेलं कूळ. जमीन विकली की तो जमिनीबरोबर जायचा. पुढं त्याच शब्दाचा अर्थ झाला गावंढळ, अडाणी. पुढं हलकट. पुढं बदमाश. मग नाटकवाल्यांनी तो उचलला आणि दुष्ट माणसाला चिकटवला, तिथून सिनेमात.

सांगायचे मात्र झकास, खोटं कशाला बोलू? सरदारांची गलबतं आम्हाला डोळ्यांसमोर दिसायची. पण सगळं सांगून झालं की सर छतावरची नजर खाली आणायचे, ती डाव्या हाताच्या रांगेवर. गावातली पोरं उजवीकडे, खेड्यातून येणारी डावीकडे, ही बसवणूकही त्यांचीच. आणि म्हणायचे, "अर्थ असा उगाच घसरत नसतो. माणसं घसरतात, शब्द त्यांच्या मागून जातो." उजवी रांग हसायची. डावीतले काहीजणही हसायचे. मी हसलेलो आहे.

एकदा वह्यांचा गठ्ठा पोचवायला त्यांच्या घरी गेलो होतो. ओट्यावर एक म्हातारी अंबाडीची भाजी निवडत होती. मला पाहून म्हणाली, "कोन गावचा रे बाप्पा तू? बस, पानी देतो तुले." तिच्या तोंडून 'तुले' ऐकलं आणि माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. तेवढ्यात सर दारात आले. "आई, आत." दोनच शब्द. म्हातारीनं सूप उचललं, निवडलेली भाजी आणि न निवडलेली भाजी एकत्र झाली, आणि ती आत गेली. पाणी राहूनच गेलं. सरांनी गठ्ठा घेतला, माझ्याकडे पाहिलंही नाही.

मनोहरदादा माझा मोठा भाऊ. मी आठवीत, तो नववीत. आमच्या घरी कापूस आणि तूर. बाबांना मराठी अक्षरं जोडून वाचता यायची, इंग्रजी काळं का पांढरं माहीत नव्हतं. दादाला मात्र इंग्रजीचं वेड होतं. खताच्या पोत्यावरचं इंग्रजी तो वाचायचा, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचा, एस.टी.च्या तिकिटावर सापडलं तर तेही वाचायचा. शाळेतून डिक्शनरी आणून रोज एक पान पाठ. त्याला इंग्रजीचा मास्तर व्हायचं होतं. सायकलवरून शाळेत जाताना मला मागं बसवून शब्द घोकायचा, आणि चढ आला की माझ्याकडून घोकून घ्यायचा.

नववीच्या पहिल्या तासाला सरांनी कूळ सांगितलं, नजर डाव्या रांगेवर आणली, ते घसरण्याचं वाक्य म्हटलं. उजवी रांग हसली. आणि दादा उभा राहिला. "सर, हे कोनं लिहून ठेवलं? राबनाऱ्यानं का वाड्यातल्यानं?"

ही हकीकत मला त्या वर्गातल्या पाचजणांनी सांगितली आणि पाचहीजणांनी सारखीच सांगितली. दादाचं म्हणणं एवढंच होतं की राबणाऱ्याच्या हाती लेखणी असती तर बदमाश कोणाला म्हटलं गेलं असतं? सरांनी खिशातली दोन्ही पेनं सरळ केली. मग म्हणाले, "जीभ धुऊन आला नाहीस. पुढं ये." दादा गेला, हात मागं बांधले, मान वाकवली.

दादानं तो बिल्ला अकरा दिवस गळ्यात ठेवला. कोणी 'मले' बोललं नाही असं थोडंच? पोरं दिवसभर बोलायची, मुद्दाम त्याच्या कानाशी येऊन बोलायची, "घे बे मन्या, माहं नाव सांग, सुट एकदाचा." तो नाव सांगायचा नाही. सर रोज तास संपताना विचारायचे, "राऊत, कोणी सापडलं?" दादा म्हणायचा, "नाही सर." पुस्तकी मराठीत, स्वच्छ.

आणि रोज संध्याकाळी बाबांची सही. पहिल्या दिवशी बाबांनी पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला. "हे काय लिहिलं इंग्रजीत?" दादा म्हणाला, "वावरात राबनारा मानूस, असं लिहिलं हाय." सरांनी शिकवलेलंच सांगितलं त्यानं. बाबा खूश. "मंग खरंच हाय नं ते." कंदिलाची काच पुसतात तसा तो पुठ्ठा धोतरानं पुसला आणि जपून सही केली. मी बाजूला बसून भाकर खात होतो. मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

अकरा सह्या झाल्यावर बाबांना वाटलं, पोराला एवढा मान देणाऱ्या मास्तरला भेटलं पाहिजे. बाराव्या दिवशी, आम्हाला न सांगता, ते उन्हाळी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन शाळेत आले. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल. आमचा वर्ग मास्तरांच्या खोलीसमोर होता, मला खिडकीतून सगळं दिसलं आणि ऐकूही आलं.

"गुरुजी, मी मनोहरचा बाप. तुमी पोराच्या गळ्यात शेतकऱ्याचं नाव घातलं, लय बरं वाटलं. या शेंगा आनल्या."

सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हसायला लागले. पोटावर हात ठेवून, खुर्चीला टेकून. बाकीचे मास्तरही हसले. मग सरांनी बाबांना, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते सांगितलं. सिनेमातली दोन-तीन नावं सांगितली, म्हणजे नीट समजावं. बाबांनी ऐकून घेतलं. पिशवी टेबलावर होती, ती उचलली नाही. पायातल्या वहाणा बाहेर काढल्या होत्या, त्याही विसरून तसेच अनवाणी फाटकाकडे गेले.

दादानं नववीच्या वर्गातून ते पाहिलं. तो उठला, वहाणा उचलल्या आणि बाबांच्या मागं गेला. बिल्ला गळ्यात होता. त्या दिवसानंतर तो शाळेत आला नाही. बाबा त्याला रागावले नाहीत, एका शब्दानं बोलले नाहीत, तेच वाईट झालं. सायकल माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी सरांनी नवा पुठ्ठा आणला, नवी सुतळी. आणि त्या शेंगा मास्तरांनी उकडून खाल्ल्या. शिपायानंच सांगितलं मला.

यातलं काय घालू मानपत्रात?

सत्काराचं निमित्त म्हणजे सरांची पुस्तिका. आयुष्यभर सांगितलेलं कूळ त्यांनी लिहून काढलं, चाळीसेक पानं. प्रकाशन आणि सत्कार एकाच कार्यक्रमात, आमच्याच शाळेच्या सभागृहात. शुद्धलेखन तपासायला पानं माझ्याकडे आली. वाचत गेलो. गलबतं होती, सरदार होते. ते घसरण्याचं वाक्य मात्र कुठं नव्हतं. शेवटच्या पानावर आलो आणि हातातला चहा तसाच गार झाला. लिहिलं होतं: 'अध्यापनाच्या प्रारंभापासून एक प्रश्न मला छळत आला. हा अर्थ लिहून कोणी ठेवला? राबणाऱ्याने की वाड्यातल्याने?'

मला छळत आला! मी पानं आणि लिहिलेलं मानपत्र उचललं आणि त्यांच्या घरी गेलो. पाठ केलेलं सगळं भांडण घेऊन गेलो.

"या राऊत. शेवट जमलाय की नाही?"

"जमला सर. पण हा प्रश्न कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे?"

"आमच्या मनोहरदादाचा आहे. नववीच्या पहिल्या तासाचा."

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. "मुलं वर्गात काहीबाही बोलतात. त्यावर विचार करतो त्याचा विचार असतो." मग मी न विचारता म्हणाले, "त्याला किती सोपं होतं. एक नाव घ्यायचं होतं फक्त. अकरा दिवसांत एक नाव नाही घेता आलं त्याला."

म्हणजे त्यांनीही मोजले होते. इतकी वर्षं आकडा लक्षात होता. मी पाठ केलेलं भांडण तिथंच विसरलो. सरांनी माझ्या हातातून मानपत्राचा कागद घेतला, लाल पेन काढलं, 'कडक' शब्द खोडून 'शिस्तप्रिय' केला आणि परत दिला. आणि मी, पन्नाशीचा घोडा, "थँक्यू सर" म्हणून बाहेर आलो. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

गावी जाऊन दादाला सांगितलं. तो तुरीवर फवारा मारून आला होता, हातपाय धूत होता. पान वाचलं त्यानं, दोनदा. मला वाटलं भडकेल.

"मी येतो कार्यक्रमाले," म्हणाला. "बिल्ला परत द्याचा हाय. शाळेची वस्तू हाय नं ते."

"तू ठेवला अजून?"

"फेकाचा कायले? बाबाच्या सह्या हायेत त्यावर."

"सगळ्यांसमोर दे दादा. अन् विचार त्याले, प्रश्न कोनाचा हाय म्हनून. सोडू नको."

"पाहू," म्हणाला. दादाचं 'पाहू' म्हणजे काय ते मला कधीच कळलेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेसमोर मोटरसायकलींची रांग. आता गंमत पाहा, त्यातल्या तीन गाड्यांच्या नंबरप्लेटवर तोच शब्द, त्याच इंग्रजी अक्षरांत, खाली कवटी. आमच्या आताच्या पोरांना व्हिलन म्हणजे जबरदस्त माणूस, कोणाला न भिणारा. मोबाईलवर स्वतःचं नाव लावतात ते. शब्दानं पुन्हा घर बदललंय आणि सरांच्या पुस्तिकेला त्याचा पत्ता नाही. मला बरं वाटलं.

सभागृहात सगळे बसले आणि बघतो तर काय, कोणी सांगितलं नव्हतं तरी खेड्यातले सगळे जुने विद्यार्थी डावीकडे बसलेले. टकलं पडलेली, पोटं सुटलेली, पण डावीकडे. दादा तिसऱ्या ओळीत, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चौकोनी काहीतरी आणि पाण्याची बाटली. मी मानपत्र घेऊन पायरीशी उभा.

सर बोलायला उठले. शर्टाची गळ्याची गुंडी लावलेली, त्यावर शाल. कूळ सांगितलं, गलबतं आणली, आवाज अजून खणखणीत. मग पुस्तिका उघडून शेवटचा प्रश्न वाचला, स्वतःचा म्हणून वाचला. टाळ्या. उजवीकडून जास्त. मी दादाकडे पाहिलं, दादा समोर पाहत होता.

टाळ्या थांबेनात म्हणून सर पुढं बोलायला गेले आणि त्यांना ठसका लागला. जोराचा. चेहरा लाल झाला, एक हात टेबलावर, दुसरा हवेत. माईक तोंडाशीच होता. त्या ठसक्यातून शब्द आले आणि सगळ्या सभागृहात ऐकू गेले.

"पानी दे नं कोनी मले."

उजवीकडच्यांना काही वाटलं नाही. त्यात काय, इथं सगळेच असं बोलतात. पण डावीकडची तीस-चाळीस माणसं टाळ्या सोडून ताठ बसली. भास्कर माझ्या मागं होता, त्यानं माझा दंड धरला. अख्खी डावी बाजू दादाकडे पाहत होती. दादा उभा राहिला, पिशवी घेऊन. मी दातओठ खाऊन पुटपुटलो, "सांग दादा, नाव सांग. आता तरी सांग."

तो पायऱ्या चढला. सरांनी त्याला पाहिलं, पिशवी पाहिली, पिशवीतला चौकोन पाहिला. ठसका कमी झाला होता. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, सरांनी टेबलावरचा हात उचलला, दोन्ही हात मागं नेले, आणि मान खाली वाकवली. आम्ही वाकवायचो तेवढीच.

दादानं पिशवीत हात घातला आणि पाण्याची बाटली काढली. झाकण उघडलं, सरांचा एक हात पाठीमागून पुढं ओढून आणला आणि त्यात दिली. "घ्या सर, पानी घ्या," म्हणाला. मग पिशवी खांद्याला लावून खाली आला आणि डावीकडे आपल्या जागेवर बसला. बिल्ला पिशवीतच होता.

मला सरांची कीव आली का? नाही आली. ती मान दोन मिनिटं वाकली म्हणून बाबांची अनवाणी पाठ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. मी वर गेलो आणि मानपत्र वाचलं. ज्ञानयोगी, शिस्तप्रिय, विद्यार्थ्यांचे दैवत, एक शब्द न चुकता सगळं वाचलं. सर बाटली दोन्ही हातांत धरून बसले होते, आणि वाचून संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.